आधी प्रती मोजा, मग प्रेस गाठा
(डिजिटल छपाई की ऑफसेट? मंडळाचं पुस्तक छापताना जे शिकायला मिळालं, ते)

मंडळी, गेल्या वर्षी आपण घरोघरच्या जुन्या वह्या गोळा केल्या होत्या, ते तुम्हाला आठवत असेल. हुबळी, धारवाड आणि हल्याळकडच्या चौतीस मराठी घरांतून आजी-पणजीच्या हाताच्या वह्या आल्या. एकीत वाण्याचा हिशेब, एकीत लोणच्याचं प्रमाण, एकीत ओव्या, तर एकीत रोझरीनंतर म्हणायच्या प्रार्थना. त्यातला निवडक मजकूर आपल्या ई-मासिकात आलाच. पण ज्या बायकांनी या वह्या जपल्या, त्यांतल्या बऱ्याच जणींना मोबाईलवर वाचणं जमत नाही. त्यांच्या हातात काहीतरी द्यायला हवं, म्हणून छोटं पुस्तक काढायचं ठरलं. ९६ पानं, डेमी आकार, त्यात वह्यांच्या फोटोंची आठ रंगीत पानं आणि वर रंगीत कव्हर. मंडळाकडे २४,००० रुपये होते, सगळे वर्गणीचे.

छपाईचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एवढंच की माझं घर गोकुळ रोडला आहे. "तुझ्या घराजवळच तर सगळे प्रेस आहेत," असं म्हणून सगळ्यांनी हात झटकले. म्हटलं तर ते खरंही आहे. होसूरकडून विमानतळाकडे जाणाऱ्या या रस्त्यावर बस स्टँड आहे, औद्योगिक वसाहत आहे, आणि छपाईची छोटी-मोठी कामं करणारे लोकही आहेत.

मी दोन ठिकाणी गेले. पहिलं दुकान मुख्य रस्त्यावर, काचेचा दरवाजा, आत एसी. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "अक्का, पेनड्राइव्ह द्या. एक कॉपी ११० रुपये. दहा काढा नाहीतर दोनशे काढा, रेट तोच." दुसरा प्रेस वसाहतीतल्या एका गल्लीत होता. शाईचा आणि रॉकेलचा वास, कागदाचे रिम छतापर्यंत रचलेले. मालकांनी पुस्तकाचं नावही विचारलं नाही. पहिला प्रश्न, "किती कॉपी री?" मी म्हटलं, ते अजून ठरायचंय. ते हसले. "मग मी रेट कसा सांगू? पाचशे करा. ७६ रुपयांना पडेल."

मी घरी आले आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: डिजिटल ११०, ऑफसेट ७६. ऑफसेट स्वस्त, तेच करू.

हा निष्कर्ष चुकीचा होता. तो कुठे चुकला हे समजायला मला आठवडा लागला. तुमच्यापैकी कुणाला विभागाचं वार्षिक, पॅरिशची स्मरणिका, घरच्या कुणाचा कवितासंग्रह किंवा प्रोजेक्ट रिपोर्ट छापायचा असेल, तर तो आठवडा वाचावा म्हणून हा लेख.

ऑफसेटमध्ये नेमकं काय होतं

ऑफसेट छपाई तेल आणि पाणी यांच्या वैरावर चालते. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो, त्याला प्लेट म्हणतात. जिथे अक्षर किंवा चित्र आहे तो भाग तेलकट शाई धरतो. बाकीचा भाग पाणी धरून ठेवतो, म्हणून तिथे शाई चिकटत नाही. प्लेट हाताला सपाटच लागते. जुन्या खिळ्यांसारखी वर आलेली अक्षरं तिच्यावर नसतात. प्लेटवरची शाई आधी रबराच्या चादरीवर उतरते आणि रबरावरून कागदावर. या मधल्या टप्प्यामुळेच त्याचं नाव ऑफसेट. रबर थोडं दबतं, त्यामुळे खरखरीत कागदावरही अक्षर नीट बसतं.

या पद्धतीचं मूळ दगडी छापखान्यात आहे. आलोइस झेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास जर्मनीत चुनखडीच्या दगडावर हीच तेल-पाण्याची युक्ती केली. रबराची भर पडली ती अमेरिकेत, १९०४ साली. आयरा रुबेल या छापखानेवाल्याच्या यंत्रात कागद घालायचा राहिला की छाप थेट खालच्या रबरावर उमटे आणि पुढच्या कागदाच्या पाठीवर येई. ती चुकून आलेली छाप मूळ छापेपेक्षा सुबक दिसते, हे त्याच्या लक्षात आलं.

आता आपल्या पुस्तकाकडे येऊ. १८ × २३ इंची कागदाच्या एका बाजूला डेमी आकाराची आठ पानं बसतात, दोन्ही बाजूंना मिळून सोळा. या सोळा पानांच्या घडीला प्रेसमध्ये फॉर्म म्हणतात. ९६ पानं म्हणजे सहा फॉर्म. काळ्या छपाईला एका बाजूला एक प्लेट लागते; रंगीत छपाईला चार, कारण निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा हे चार रंग वेगवेगळ्या प्लेटांवरून येतात. आपली आठही रंगीत पानं एकाच फॉर्मच्या एका बाजूला बसवली, तर पाच काळ्या फॉर्मच्या दहा, सहाव्याच्या चार अधिक एक, आणि कव्हरच्या चार. एकूण १९ प्लेटा.

प्लेटा झाल्या की त्या यंत्रावर चढवायच्या, शाई-पाण्याचं प्रमाण जुळवायचं, चारही रंग एकमेकांवर बरोबर बसवायचे. ते जुळेपर्यंतचे कागद रद्दीत. ही सगळी मेहनत पन्नास प्रतींना जेवढी, तेवढीच पाच हजार प्रतींना. एकदा जुळलं की मात्र यंत्र तासाला हजारो कागद सहज काढतं, आणि पुढच्या प्रत्येक प्रतीला जवळजवळ कागद-शाई-बायंडिंगचाच खर्च येतो.

म्हणून मालकांनी आधी संख्या विचारली. संख्या कळल्याशिवाय तो सुरुवातीचा खर्च किती प्रतींवर वाटायचा, हे त्यांना कळणारच नव्हतं.

डिजिटलमध्ये काय होतं

डिजिटल यंत्र म्हणजे आपल्या झेरॉक्स यंत्राचं मोठं, हुशार भावंड. चेस्टर कार्लसन याने १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये केलेला प्रयोग त्याच्या मुळाशी आहे. यंत्रातल्या ड्रमवर विजेचा भार असतो. प्रकाशाने त्या भारातून पानाचं चित्र तयार होतं, त्याला टोनरची पूड चिकटते, ती कागदावर जाते आणि उष्णतेने वितळून बसते. इंकजेटवर चालणारी डिजिटल यंत्रंही असतात, पण आपल्याकडच्या दुकानांत पुस्तकाचं काम बहुधा टोनरवर होतं.

इथे प्लेट नाही. प्रत्येक कागदासाठी चित्र नव्याने तयार होतं. म्हणून पहिल्या प्रतीला ११० आणि शंभराव्या प्रतीलाही ११०. प्रत्येक प्रत वेगळी असली तरी यंत्राला फरक पडत नाही. प्रमाणपत्रांवर प्रत्येकाचं नाव वेगळं छापतात, ते याच जोरावर.

हिशेब कसा मांडायचा

मी पुन्हा वसाहतीत गेले आणि मालकांना सरळ विचारलं, "सर, एकही कॉपी निघायच्या आधीचा खर्च किती, आणि त्यानंतर एका कॉपीला किती?" त्यांनी कागदावर लिहून दिलं. गोल आकडा धरला तर सुरुवातीचा खर्च १८,००० आणि पुढे प्रत्येक प्रतीला ४०.

आता बघा:

१०० प्रती: डिजिटल ११,००० रुपये, ऑफसेट २२,००० रुपये (प्रत्येकी २२०).
२०० प्रती: डिजिटल २२,०००, ऑफसेट २६,००० (प्रत्येकी १३०).
५०० प्रती: डिजिटल ५५,०००; ऑफसेट ३८,००० (प्रत्येकी ७६).

दोन्ही पारडी कुठे समान होतात ते काढायला सुरुवातीच्या खर्चाला प्रतीमागच्या फरकाने भागायचं. ११० वजा ४० म्हणजे ७०. अठरा हजार भागिले सत्तर, साधारण २५७. त्याच्या खाली डिजिटल परवडतं, वर ऑफसेट. हे आकडे आमच्या पुस्तकाचे आणि त्या दिवशीचे. तुमची पानं, कागद, रंग वेगळे असतील तर आकडे बदलतील, पण भागाकार हाच करायचा.

म्हणजे '७६ रुपये' हा भाव खरा होता, पण तो पाचशे प्रतींचा भाव होता. आम्हाला त्यासाठी ३८,००० लागले असते आणि जवळ २४,००० होते. मी दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून तुलना केली होती.

मग प्रती किती?

बैठकीत दोन तट पडले. काही जण म्हणाले, आणखी वर्गणी काढू, पाचशे छापू, संपतील हळूहळू. तेव्हा सरांनी काही न बोलता मंडळाचं लोखंडी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात मंडळाच्या एका जुन्या संग्रहाचे तीन गठ्ठे होते. सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. एका गठ्ठ्याची कड वाळवीने खाल्ली होती. त्यातल्या कवींपैकी कुणीही आता कॉलेजात नाही.

मग आम्ही नावं लिहायला बसलो. चौतीस घरं, प्रत्येकी दोन प्रती: ६८. मंडळाचे सभासद: ३२. ग्रंथालय, प्राध्यापक, मदत करणारे: १५. प्रकाशनाच्या दिवशी खरोखर पैसे देऊन घेतील असे: २५, तेही हात सैल सोडून. बेरीज १४०.

एकशे चाळीस! बेरीज वाचली आणि दोन मिनिटं कुणी बोललं नाही. पाचशे म्हणताना छाती फुगते, आणि १४० म्हणजे एवढेच का आपले वाचक, असं वाटतं. पण या पुस्तकाला ते १४० वाचक नावानिशी होते. न वाचलेल्या ३६० प्रतींचे पैसे वर्गणीतून देणं हा त्या वर्गणी देणाऱ्यांवर अन्याय झाला असता.

१४० प्रतींना ऑफसेटचे झाले असते २३,६००, म्हणजे जवळजवळ सगळी पुंजी. डिजिटलचे १५,४००. उरलेल्या ८,६०० मध्ये गरज पडली तर आणखी प्रती काढता आल्या असत्या. निर्णय झाला.

हा प्रश्न चारशे वर्षांचा आहे

पहिली प्रत निघायच्या आधीच किती खर्च करावा लागतो, हा प्रश्न मराठी छपाईला पहिल्या दिवसापासून आहे. आपल्या अभ्यासक्रमात फादर थॉमस स्टीफन्स आणि त्यांचं 'क्रिस्तपुराण' येतं. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. छापखाना तर गोव्यात १५५६ सालीच पोचला होता. तरीही जवळपास अकरा हजार ओव्यांचं हे मराठी पुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, ते रोमन अक्षरांत.

का? स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला पाठवलेल्या पत्रात त्याचं कारण आहे. इथल्या भाषेतली पुस्तकं इथल्याच लिपीत छापावीत अशी त्यांची फार वर्षांची इच्छा होती. पण युरोपीय वर्णमालेला चोवीस अक्षरांचे साचे पुरत. इथल्या जोडाक्षरांसह सहाशेच्या घरात साचे पाडावे लागले असते. आपल्या भाषेत सांगायचं तर सुरुवातीचा खर्च झेपणारा नव्हता. देवनागरी खिळ्यांनी छापलेलं विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण सेरामपूरला निघालं १८०५ साली, म्हणजे जवळपास दोनशे वर्षांनी.

पुढे शिळाप्रेस आला आणि खिळे पाडायची अट सुटली. हाताने लिहिलेली अक्षरं दगडावर उतरवली की काम सुरू. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठी पंचांग शिळाप्रेसवर छापलं. आपल्या कर्नाटकातलं पहिलं कन्नड वृत्तपत्र 'मंगळूरु समाचार' हेही बासेल मिशनच्या हेर्मान मोग्लिंग यांनी १८४३ साली शिळाप्रेसवरच काढलं, आणि पुढच्या वर्षी ते खिळ्यांच्या छपाईसाठी बळ्ळारीला गेलं. गंमत अशी की ऑफसेट या शिळाप्रेसचाच नातू, पण खिळ्यांशिवाय लगेच छापून देण्याचं आजोबांचं काम आज डिजिटलकडे आलं आहे.

'क्रिस्तपुराणा'ची आणखी एक गोष्ट. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन छापील आवृत्त्या निघाल्या, पण त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुराण टिकलं ते हस्तलिखितांमुळे. ज्याला हवं त्याने एक प्रत उतरवून घ्यायची, असं ते घराघरांतून, विशेषतः मंगळूरकडच्या कॅथलिक कुटुंबांतून, पुढे गेलं. त्या हस्तलिखितांवरूनच सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला छापील आवृत्ती काढली. तेव्हा थोड्या प्रतींना कमी समजायचं कारण नाही. गरज आहे तिथे त्या पोचल्या म्हणजे झालं.

फक्त पैशावर ठरवू नका

दोन्ही पद्धतींच्या आणखी काही गोष्टी आम्हाला काम करताना कळल्या.

रंगीत पानं: डिजिटलमध्ये रंगीत पान कुठेही टाका, तेवढ्याच बाजूचे जास्त पैसे लागतात. ऑफसेटमध्ये पानांची जागा महत्त्वाची. सोळा पानी फॉर्मच्या एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३ आणि १६ ही पानं येतात. रंगीत पानं या आकड्यांवर बसवली तर प्लेटा वाचतात; मनाला येईल तिथे टाकली तर वाढतात. म्हणून पानं जुळवायच्या आधीच प्रेसशी बोलावं.

कागद: ऑफसेटला कागदाची निवड भरपूर. पातळ, खरखरीत, रंगीत, सगळ्यांवर शाई नीट बसते. टोनर कागदाच्या वरच राहतो, म्हणून खडबडीत कागदावर अक्षर तुटक दिसू शकतं आणि गडद रंगाच्या कव्हरला घडीवर चिरा पडतात. उपाय म्हणजे कव्हरला लॅमिनेशन आणि घडीच्या रेषेवर आधी क्रीझ. डिजिटलच्या कागदाचा आकारही मर्यादित असतो, बहुतेक ठिकाणी १२ × १८ किंवा १३ × १९ इंच. मोठा नकाशा किंवा पोस्टर त्यात बसत नाही.

काळी अक्षरं: फाइलमध्ये मजकूर फक्त काळ्या रंगात ठेवा. तो चार रंगांच्या मिश्रणातला काळा असेल तर ऑफसेटवर रंग केसभर सरकला तरी शिरोरेषेला रंगीत सावली येते. देवनागरीत शिरोरेषा सगळीकडे, त्यामुळे ते लगेच खुपतं.

फोटो: छापायच्या आकारात ३०० डीपीआय हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवलेले फोटो दबून येतात. आमचे नऊ फोटो त्यासाठी पुन्हा काढावे लागले. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

वेळ: डिजिटल काम दोन-तीन दिवसांत होतं. ऑफसेटला प्लेटा, छपाई, शाई वाळणं, घडी, बायंडिंग असे टप्पे असतात, आणि पावसाळ्यात वाळायला जास्त वेळ लागतो. प्रकाशनाची तारीख आधी ठरवून मग प्रेस शोधायला निघू नका.

मराठी अक्षरांची वेगळी काळजी

हा भाग पुण्या-मुंबईच्या मुलांना कमी लागेल, आपल्याला जास्त. आपल्याकडच्या प्रेसमध्ये बसणाऱ्या ऑपरेटरला कन्नड येतं आणि हिंदीमुळे देवनागरी वाचता येते. पण 'दुसऱ्या' मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र हिंदीत नसतो. आमच्या पहिल्या फाइलमध्ये फॉन्ट एम्बेड करायचे राहिले. त्यांच्या संगणकाने दुसरा फॉन्ट घेतला आणि सगळीकडे 'दुसर्या', 'वार्यावर' असं झालं. ऑपरेटरला त्यात काही चुकलेलं दिसलं नाही. त्याचा दोष नाही; चूक आमच्या फाइलची होती. एका ठिकाणी घाईत शब्द पुन्हा टाइप करताना हल्याळचं 'हल्याल' झालं.

तेव्हा पीडीएफ करताना फॉन्ट एम्बेड करा. जुन्या पद्धतीचा, युनिकोड नसलेला फॉन्ट वापरला असेल तर तो प्रेसकडे आहे का ते विचारा. आणि छापायच्या आधी ही अक्षरं मुद्दाम शोधून बघा: ऱ्या, ऱ्ह, ळ, अ‍ॅ, ऑ, क्ष, ज्ञ, श्र. ल आणि श यांची वळणं मराठी आहेत की हिंदी, तेही पाहा.

पहिल्या पाच प्रती

एवढं करून आम्ही १४० ची ऑर्डर देणार होतो. सर म्हणाले, "आधी पाचच काढा. पाच घरी द्या. आठवडा थांबा." आम्हाला ते जरा जास्तच वाटलं. पीडीएफ चौघांनी ओळ न ओळ वाचली होती. मी स्वतः आजीला मोबाईलवर तिचं पान दाखवलं होतं आणि ती "छान झालंय गं" म्हणाली होती.

तरी पाच प्रती काढल्या, ५५० रुपये गेले. एक आजीला दिली. तिने दुपारी भिंग घेऊन खिडकीशी बसून वाचायला सुरुवात केली. पहिली दहा पानं काही बोलली नाही. मग रंगीत पान आलं. आमच्या घरच्या वहीचा फोटो, खाली आम्ही लिहिलं होतं: लेखिकेच्या आजीच्या सासूबाईंची वही.

आजी म्हणाली, "ही सासूबाईंची कशी असेल? त्यांना कुठं लिहिता यायचं? अंगठा करायच्या त्या. ही माझ्या आईची वही."

वही आजोबांच्या घरच्या ट्रंकेत सापडली होती, म्हणून आम्ही धरून चाललो की ती त्यांच्याच आईची. आजीने फोटोतल्या पानाच्या डोक्यावर बोट ठेवलं. तिथे शाईचा इवलासा क्रूस होता. तिची आई काहीही लिहायला घेताना आधी तो क्रूस काढायची, मग ते वाण्याचं सामान का असेना. लग्न होऊन आजी हल्याळहून इकडे आली तेव्हा वही सोबत आणली होती. पणजीच्या हाताचं आमच्याकडे दुसरं काहीही नाही. आणि तेवढं एकच आम्ही दुसऱ्या बाईच्या नावावर छापणार होतो.

मग मी विचारलं, "मोबाईलवर दाखवलं तेव्हा का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तेव्हा दिसलं कुठं मला? तू एवढ्या हौसेने दाखवत होतीस."

बाकीच्या चार घरांतूनही दुरुस्त्या आल्या. सगळ्या मिळून अकरा. एकही शुद्धलेखनाची नव्हती. सगळ्या अशाच: कुणाचं नातं, कुठलं गाव, कोणत्या मापाने तांदूळ. त्या चौघांपैकी कुणालाही स्क्रीनवर सापडणाऱ्या त्या नव्हत्या, कारण आम्हाला ते माहीतच नव्हतं. डिजिटल असल्यामुळे फाइल सुधारली आणि काम पुढे गेलं. ऑफसेटच्या प्लेटा होऊन कागद छापला गेला असता, तर त्या त्या फॉर्मच्या प्लेटा आणि छापलेला कागद दोन्ही वाया गेलं असतं. किंवा, खरं सांगायचं तर, पैसे नाहीत म्हणून आम्ही चूक तशीच ठेवून शुद्धिपत्र चिकटवलं असतं.

म्हणून तुम्ही ऑफसेट करणार असाल तरी एक-दोन प्रती आधी डिजिटलवर काढून घ्या, आणि मजकुरातली माणसं ओळखणाऱ्या कुणाच्या तरी हातात द्या.

थोडक्यात

प्रती शंभर-दोनशेच्या आत असतील, मजकुरात बदल होण्याची शक्यता असेल, घाई असेल, किंवा पुढे लागतील तशा काढायच्या असतील तर डिजिटल.

पॅरिशचं गायनाचं पुस्तक, ज्युबिलीची स्मरणिका, हजार घरांत जाणारं काही असेल, मजकूर पक्का असेल आणि वाचक मोजलेले असतील, तर ऑफसेट. तिथे डिजिटलवर पैसे घालवणं हाही वेडेपणाच.

मधला मार्गही आहे. कव्हर ऑफसेटवर एकदम जास्त छापून ठेवायचं आणि आतली पानं डिजिटलवर गरजेप्रमाणे काढायची.

आणि प्रेसमध्ये हे विचारा: सुरुवातीचा खर्च किती आणि प्रतीमागे किती? कागद कोणता, किती जीएसएमचा? बायंडिंग आणि लॅमिनेशन धरून का? नमुना प्रत मिळेल का? पन्नास प्रती पुन्हा हव्या असतील तर काय भाव?

आम्ही शेवटी १४० काढल्या. दोन महिन्यांनी आणखी ४० लागल्या, त्याच भावात मिळाल्या. नमुन्याचे ५५० धरून एकूण २०,३५० रुपये झाले. ३,६५० शिल्लक आहेत, ते मंडळाच्या खात्यात जमा केलेत. लोखंडी कपाटात आज सात प्रती आहेत, सुतळी न लावलेल्या.

पहिल्या पाचांतली आजीची प्रत मी ठेवून घेतली आहे. तिने 'सासूबाईंची' हा शब्द बॉलपेनने खोडून वर 'आईची' लिहिलंय. पुढच्या वर्षी छपाईचं काम ज्याच्याकडे जाईल, त्याने प्रेसला जायच्या आधी ती प्रत माझ्याकडून बघायला न्यावी.